डोक्यातला खिळा

"ओक! ओक म्हन्तो ना! मुळाशी हालाय लागलाय त्यो, ओक!"

ओल्या कासऱ्याचा फटका सपकन घोंगडीवर बसला. घोंगडीखाली महाळुंग्याच्या एका टॉवरात राहणारा दिग्विजय नावाचा इंजिनिअर गुडघे टेकून, कढत पाण्याच्या घंगाळावर तोंड धरून ओणवा बसला होता. ज्या दोराने बैल आवरतात त्या दोराने त्याची पाठ सोलून निघत होती आणि हा गृहस्थ प्रत्येक फटक्याला "हो महाराज" म्हणत होता. माले गावच्या शिवेवरची ती बंद पडलेली पोल्ट्रीची शेड माणसांनी खच्चून भरली होती. कोंबड्यांचा वास अजून गेला नव्हता, त्यात उदाचा धूर. बाहेर पौडच्या रस्त्यापर्यंत मोटारी लागल्या होत्या. फटका पडला की बायका डोळ्यांवर पदर घेत आणि पदराआडून बघत.

आधी ओकारी आणणाऱ्या गेळफळाचा खारट काढा पाजायचा, मग वाफाऱ्याला बसवायचं, मग पाठीवर कासरा. असा तिहेरी इलाज झाल्यावर दगडालाही उलटी झाली असती. दिग्विजयला झाली. त्या आवाजामागोमाग घंगाळातून दुसरा आवाज आला, ज्याच्यासाठी एवढी माणसं जमली होती. टण्ण!

"निघाला!"

खिळेमहाराजांनी घोंगडी भिरकावली, घंगाळात चिमटा घातला आणि बोटभर लांबीचा, गंजका, वाकडा खिळा वर धरला.

"ह्यो बगा! कुनी ठोकला?"

"वैऱ्यानं!"

"कुनी उपटला?"

"खिळेमहाराजांनी!" शेडचे पत्रे दणाणले.

"डाक्टर म्हन्त्यात एमआराय काडा. काडा की! त्यात दिसंल का ह्यो? न्हाई दिसायचा. करनीचा खिळा हाय, त्याला फोटूची लाज वाटती!"

लोक हसले आणि त्यांनी नमस्कारही केले. आता एमआरआयचं यंत्र म्हणजे एक अजस्र लोहचुंबक. डोक्यात खरोखर लोखंडी खिळा असलेला माणूस त्यात घातला तर फोटो काढायची वेळच यायची नाही. पण हे तिथे कोण ऐकणार? महाराजांच्या गळ्यात माळ होती, माझ्या हातात नुसती छत्री.

दिग्विजय भिंतीला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा, ओठांवर हसू.

"गेलं, मॅडम. पेन गेलं. मलाही आधी हे सगळं बकवास वाटायचं. पण किती न्यूरोलॉजिस्ट केले! क्लायंटला डेमो असला की अटॅक, मुलीच्या वाढदिवसाला अटॅक, गावाचं तिकीट काढलं की अटॅक. इथे आलो, मार खाल्ला, उलटी झाली, मोकळा झालो. रिझल्ट इज रिझल्ट."

"घरी उलटी झाल्यावर कधी बरं वाटलंय?"

"वाटतं ना. उलटी होऊन झोप लागली की उतरतंच. पण घरी खिळा निघत नाही ना, मॅडम!"

मी कपाळाला हात लावला.

माझं नाव सुलक्षणा. माल्याच्या हायस्कूलात विज्ञान शिकवते. कोंडाजीकाकांच्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहते. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं आणि गाव बरोबर म्हणतं. पण त्या शेडमध्ये मला जो संताप आला त्याचं कारण जिभेचं नव्हतं. अर्धशिशी मलाही आहे.

ज्याला ती नाही त्याला सांगून समजत नाही. डोळ्यामागे कुणी पहार घालून उचकटतंय असं दुखतं. उजेड मारतो, आवाज मारतो, शेजारी पडलेली लसणाची फोडणी मारते. सहलीच्या सकाळी, परीक्षेच्या दिवशी, भाच्याच्या मुंजीत ती न बोलावता येते आणि ठरवलेलं सगळं लाथेने उडवून लावते. मग लोक म्हणतात, "बाईंचं नेहमीचंच!" अशा माणसाला कुणी म्हटलं की तुझ्या डोक्यात खिळा आहे आणि मी तो उपटतो, तर तो पाठ उघडी करून बसणारच. मला राग त्या पाठींचा नव्हता. कासऱ्याचा होता.

कोंडाजीकाकांची सून साधना अशीच. अंगाने काटक, शिवणकामात हात बसलेला. पौडला शिवण-कोर्सची परीक्षा पास झाली की बचत गट तिला शाळेच्या गणवेशांचं काम देणार होता. परीक्षेची तारीख आली, डोकं उठलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, जीपमधूनच माघारी आणावं लागलं. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात ती अंधाऱ्या खोलीत ओकत पडली होती. साधं कपडे धुण्याचं ठरवलं तर होतं, पण काही मोठं ठरवलं की मोडतं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर नवरा रोहित म्हणायचा, "गोळ्यांनी डोकं बधिर हुतं." मग त्याने तिला खिळेमहाराजांकडे नेलं.

तिची पाठ मी संध्याकाळी पाहिली. ब्लाउज चिकटला होता. तो सोडवताना तिने दात आवळले, पण डोळ्यांत आनंद होता.

"निगाला, बाई. माझ्या डोस्क्यातनं खिळा निगाला."

तिथवर असतं तर मी रक्त पुसून, चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण महाराज नुसता खिळा काढून थांबत नसत. खिळा म्हटला की ठोकणारा आला. त्यांनी साधनाला विचारलं होतं, "चांगल्या कामाच्या दिशी सकाळी तुज्या डोस्क्याला कुनाचा हात लागतो?" आणि त्या पोरीने, ओकून थकलेल्या, दुखणं गेल्याने सैलावलेल्या पोरीने, खरं ते सांगून टाकलं, "काकी चाफा माळत्यात."

काकी म्हणजे गोजराबाई. कोंडाजीकाकांची विधवा भावजय. रोहितची आई तो रांगत असताना गेली, तेव्हापासून त्याला हिने वाढवला. परसात तिचा सोनचाफा. घरातलं कुणीही चांगल्या कामाला निघालं की ती ओंजळभर फुलं घेऊन दारात उभी. साधनाच्या केसांत ती स्वतः माळायची, अगदी दाबून, पडू नयेत म्हणून.

"फुलातनं ठोकलाय!" महाराज गरजले होते. "वांझ बाईचा हात हाय. घर बुडवायचं हाय तिला!"

गोजराबाई चुलीपुढे भाकरी थापत असताना रोहित घरात शिरला. मी ओसरीवर वह्या तपासत होते. आधी तवा पडल्याचा आवाज आला, मग थपडेचा. मी धावले तर त्याने तिचा बुचडा मुठीत धरून तिला चुलीपासून ओढत आणलं होतं. तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि पिठाचे हात तिने तसेच वर धरले होते.

"माजा संसार खातीस व्हय गं? बोल! का ठोकलास खिळा?"

"रोह्या, मी कशापायी ठोकू रं?"

मी मध्ये पडले. त्याने मला ढकललं, माझी पाठ उंबऱ्यावर आपटली. कोंडाजीकाका दारात उभे होते. बघत होते.

"काका, अडवा त्याला! तुमची वहिनी आहे ती. हिनेच तुमचं पोर वाढवलं."

"म्हनूनच," ते म्हणाले. "भायेरच्याचा हात पोचत न्हाई, घरातल्याचाच पोचतुय. आन् बाई, तुमी भाडेकरू हायेत. भाडेकरूवानी ऱ्हावा."

महाराजांनी उपायही सांगून ठेवला होता. त्याचं नाव परतवण. येत्या अवसेला भर दुपारी, सगळ्यांसमक्ष, तोच खिळा निखाऱ्यात लाल करायचा आणि ठोकणारीच्या कपाळावर टेकवायचा. म्हणजे करणी उलटते आणि सुनेचं डोकं जन्मभर दुखत नाही. गावात यावर चर्चा झाली ती एवढीच, की कपाळावर एकदा टेकवायचा की दोनदा.

मी गोजराबाईला म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर पौडला चला. तिने मान हलवली. "कुटं जाऊ? ह्या घरात माप वलांडून आलीया. पळाले तर लोक म्हंतील, बगा, हिनंच केलतं."

मग मी एकटी गेले. पोलिसांत तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, असल्या मारहाणीला त्यात शिक्षा आहे. अवसेला दुपारच्या आधी माणसं घेऊन येतो, असं साहेबांनी सांगितलं. सरकारी दवाखान्यातली डॉक्टर जान्हवी माझी मैत्रीण, तीही बरोबर येणार होती. मी त्यांना गावाच्या वेशीवर भेटायचं, शेड दाखवायची, लोकांपुढे चार वाक्यं बोलायची. मी ती पाठ करून ठेवली होती. सगळं चोख ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणूनच मी सावध राहायला हवं होतं!

अवसेच्या सकाळी केस विंचरताना आरशात माझा अर्धा चेहरा दिसेना. डाव्या बाजूला चमचमणारी, करवतीच्या दात्यांसारखी एक रेघ थरथरत होती. ती माझ्या ओळखीची होती. आधी ती येते, मग पहार. गोळी घेतली, पण रात्रभर झोप नव्हती, सकाळी पोटात अन्न नव्हतं. गोळीला कोण जुमानतं? डोळ्यामागे पहिला घाव बसला आणि मी भिंतीला डोकं टेकवलं. पाठ केलेली चार वाक्यं पार धुवून निघाली.

तेवढ्यात पुढच्या दारी किंकाळी ऐकू आली. मी पौडला गेल्याचं कुणीतरी महाराजांच्या कानावर घातलं होतं, आणि त्यांनी दुपारचं काम सकाळीच उरकायला घेतलं होतं. रोहित आणि आणखी दोघे गोजराबाईला ओढत नेत होते. ती चालत नव्हती, तिच्या टाचा मातीत रेघा ओढत होत्या.

मी जान्हवीला फोन लावला. पडद्यावरचे आकडे दिसत नव्हते, अंदाजाने दाबले. "आत्ता निघा. आत्ता!" एवढंच म्हणाले. पौडहून जीप यायला वेळ लागणार. खिळा तापायला तेवढा लागत नाही.

शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा गर्दीचा आवाज माझ्या कवटीत फुटत होता. मधोमध शेगडी, निखाऱ्यात खिळा, लालभडक. गोजराबाईचे दोन्ही हात मागे पिळून धरलेले, केस सुटलेले, कुंकू कधीचंच नसलेलं कपाळ मोकळं. रोहितने ते वर करून धरलं होतं. समोर साधना बसली होती. तिची मान खाली होती. महाराजांनी चिमटा उचलला.

भाषण द्यायची ताकद माझ्यात नव्हती, आणि दिलं असतं तरी त्यांनी एका मिनिटात मला उचलून बाहेर टाकलं असतं. मग जे माझ्याजवळ होतं तेच मी पुढे केलं.

"थांबा," मी म्हणाले. "माझं डोकं उठलंय. आधी माझा खिळा काढा."

हशा आणि टाळ्या. विज्ञानाच्या बाई आल्या! महाराजांनी चिमटा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू सत्यनारायणाला खुद्द नारायणच जेवायला आला.

"बगा रं! शाळा आली हो देवळात! बाई, तुमचा खिळा लई जुना दिसतुय. बुकं वाचून वाचून गंजलाय. बसा."

मी काढा प्यायले. कडू, खारट, घशाला ओरबाडणारा. गुडघे टेकले, घोंगडी अंगावर पडली, खाली घंगाळात कढत पाणी ओतल्याचा आवाज आला. काळोख आणि वाफ. मग पहिला फटका.

खोटं कशाला सांगू, मी किंचाळले. पाठीवरचा जाळ आणि डोक्यातली पहार एकदमच. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा मानेला चाटून. "ओक!" बाहेरून आवाज. पोटातून सगळं वर येत होतं. आणि त्या काळोखात माझ्या नाकात एक वास शिरला.

अर्धशिशीत नाक वेडं होतं. एरवी ज्या वासाचा पत्ता लागत नाही तो तेव्हा डोक्यात घुसतो. घोंगडीचा वास, काढ्याचा, तांब्याचा, हे सगळे मला ठाऊक होते. हा निराळा होता. मेणाचा. पोळ्यातून काढतात त्या मेणाचा, नुकतं वितळायला लागलेल्या. वाफाऱ्यात मेण कशाला?

मी हात घंगाळाच्या आत, काठाखालून फिरवला. समोरच्या बाजूला, महाराज बसतात त्या बाजूला, मेणाचा एक मऊ गोळा लागला. त्यात अडकवलेला खिळा. बोटाने दाबला तर हलला. वाफेने मेण सैल होत होतं. थोडा वेळ गेला की तो आपोआप पाण्यात पडणार होता. म्हणून कासरा! मेण सुटायच्या सुमाराला माणूस ओकला पाहिजे, एवढ्यासाठी ही सगळी मारहाण.

तो खिळा तोडून हातात घ्यावा असं क्षणभर वाटलं. पण बाहेर दाखवला असता तर लोक म्हणाले असते, बाईंच्या डोक्यातला निघाला. त्याला त्याच्या पायांनीच पडू द्यायला हवं होतं. फक्त त्या वेळी माझं तोंड घंगाळावर नको होतं.

मी दात आवळले. फटके वाढले. "ओक, बाई, ओक!" महाराजांच्या आवाजातली घाई मला आता कळत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, घशाशी काढा. मेणाचा वास दाट झाला. आणखी एक फटका. मग मी घोंगडी झुगारली, उजेड डोळ्यांत सुऱ्यांसारखा घुसला, आणि मी वळून सरळ महाराजांच्या मांडीवर ओकले.

भगव्या धोतरावर सगळा काढा पसरला. महाराज "आई गं!" करून उठले. कुणी हसेना, कुणी हलेना. मी घंगाळापासून हातभर लांब, जमिनीवर पडले होते. आणि त्या शांततेत घंगाळाने आपला आपण आवाज केला.

टण्ण!

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिकडे.

"बाई तर भायेर वकल्या," कुणीतरी पुटपुटलं. "मंग ह्यो कुटनं पडला?"

महाराज क्षणभरच गडबडले. बोलून पोट भरणारा माणूस तो. "ह्योच तर चमत्कार!" त्यांनी हात वर केले. "बाईंचा खिळा तोंडावाटं आलाच न्हाई! आमच्या मंत्रानं कवटीतनं थेट हवेत, हवेतनं थेट घंगाळात! जुना खिळा ना, त्याला वाट लागत न्हाई!"

"म्हाराज," आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. साधना उभी राहिली होती. "खिळा मंत्रानं थेट उतरतुय, तर मग आमाला मारलं कशापायी?"

महाराज धोतर झटकायला लागले.

साधना पुढे आली. तिने घंगाळ दोन्ही कानांना धरून उचललं आणि पाणी जमिनीवर ओतलं. खिळा घरंगळत बाजूला गेला. तिने घंगाळ उजेडाकडे तिरकं केलं, काठाखाली बोट घातलं आणि मेणाचा गोळा नखाने ओढून काढला. त्यात खिळ्याचा ठसा होता, डोक्यापासून टोकापर्यंत. ती तो बघत राहिली. मग तिने तो सासऱ्याच्या हातात ठेवला.

कोंडाजीकाकांनी महाराजांच्या बसायच्या जागची गादी उलटली. खाली डबा. डब्यात मेण आणि मूठभर गंजके खिळे. पुढे चौकशीत निघालं की महाराजांचं खरं नाव शंभू, आणि गावोगावच्या इमारतींवर तो सेंट्रिंगचं काम करायचा. फळ्यांमधून खिळे उपटण्याचा अनुभव तेवढा त्याचा अस्सल होता.

दिग्विजय मागच्या रांगेत होता. त्याचं दुखणं फिरून आलं होतं म्हणून दुसरा खिळा काढायला आला होता. महाराजांनी सांगितलं होतं, खिळ्यांचं कुटुंब असतं. त्याने स्वतःच्या पाठीवर हात फिरवला.

इथे गोष्ट संपली असती तर मला किती बरं वाटलं असतं! पण गर्दीला नुसतं कळून चालत नाही, तिला कुणीतरी लागतं. "हाना त्याला!" कुणीतरी ओरडलं आणि शेड शंभूवर तुटून पडली. लाथा, बुक्क्या, त्याचाच कासरा त्याच्या गळ्यात. त्याची दाढी ओढून डोकं वर केलं गेलं. रोहितने चिमटा उचलून शेगडीतला खिळा धरला. खिळा अजून लाल होता.

"ह्याच्याच कपाळाला लावतो! ह्यानं माज्या काकीला..."

मला उभं राहता येत नव्हतं. मी गुडघ्यांवर सरकत त्या दोघांमध्ये गेले. मागे शंभू कुत्र्यासारखा रडत होता, पुढे खिळा.

"ठेव तो खाली, रोहित!"

"सरका, बाई! तुमाला बी मारलंय त्यानं!"

"मारलंय. म्हणूनच सांगते. पोलिस येताहेत. तू मगाशी जे काकीला करणार होतास तेच आता याला करतोयस. खिळा तोच आहे आणि हातही तोच!"

त्याने मला बाजूला लोटलं. मी त्याचा हात धरला. झटापटीत चिमटा निसटला आणि खिळा माझ्या हातावर, कोपराच्या खाली पडला. मांस चरचरल्याचा आवाज आणि वास मी अजून विसरलेले नाही. मी ओरडले की नाही आठवत नाही. आठवतो तो गोजराबाईचा आवाज.

"रोह्या. बास."

एवढंच. तिने आवाज चढवला नाही. फुटलेल्या ओठाने, सुटलेल्या केसांनी ती त्याच्यापुढे उभी होती. रोहितने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तिचे पाय धरायला खाली वाकला. तिने पाय मागे घेतले. त्या दिवसानंतर ती त्याला जेवायला वाढते, पण त्याच्याशी बोलत नाही. बोलावं असं तिला कुणी सांगूही नये.

जीप आली. शंभूला पोलिसांनी नेलं तेव्हा त्याला धड चालता येत नव्हतं. ज्यांनी साधनाला, दिग्विजयला, मला मारताना टाळ्या वाजवल्या त्यांचीही नावं लिहून घेतली गेली, कोंडाजीकाकांचं आणि रोहितचं सुद्धा. जान्हवीने माझ्या हातावर मलम लावलं, मला एका कोपऱ्यात ओला रुमाल देऊन बसवलं, आणि मग लोकांकडे वळली. माझं डोकं अजून फुटत होतं, तरी मी तिचा शब्द न् शब्द ऐकला.

"अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे. अटॅक येतो आणि काही तासांनी, फार तर दोन-तीन दिवसांनी, आपला आपण जातो. पुष्कळांना उलटी होऊन झोप लागली की उतार पडतो. तो उतार याने आपल्या नावावर खपवला."

साधनाने विचारलं, "म्हंजी खिळा न्हवताच?"

"नव्हता."

"मग माझं दुकनं? ते बी खोटं?"

"मुळीच नाही. दुखणं शंभर टक्के खरं आहे."

साधनाचे डोळे तेव्हा भरून आले. मार खाताना आले नव्हते.

"पर मग चांगल्या कामालाच का उठतं?"

जान्हवीने तिला त्या दिवसांबद्दल एकेक करून विचारलं आणि साधना सांगत गेली. कोंडाजीकाकांच्या घरची रीतच तशी. घरातली बाई मोठ्या कामाला निघाली की काम फत्ते होईपर्यंत तिने तोंडात पाणीही घालायचं नाही. देवाला तसा नवसच बोलायचा. आदल्या रात्री धाकधुकीने झोप नाही. पहाटे उठणं, निर्जळी उपास, उन्हातून जीप, डिझेलचा वास. आणि नाकाशी, केसांत घट्ट दाबलेला सोनचाफा.

"उपास, जागरण, ऊन, उग्र वास," जान्हवी म्हणाली. "यातलं एकेक अर्धशिशी उठवायला पुरतं. तुम्ही चारही एकत्र करून तिला पाठवत होता."

गोजराबाई चपापली. "म्हंजी डाक्टरीनबाई, माझ्या चाफ्यानं व्हय?"

शेडमध्ये पुन्हा कुजबूज झाली. मी रुमाल काढला. याचं उत्तर नीट दिलं नाही तर सगळं मुसळ केरात जाणार होतं.

"वासाने होत असेल, काकी," मी म्हणाले. "तुमच्या मनाने नाही. गावाने पाहिलं ते खोटं नव्हतं. चाफा माळला की डोकं उठतं, हे बरोबर पाहिलं. पण तिथून एक पाऊल पुढे जाऊन चाफ्याचं झाड बघायचं सोडून गावाने माळणारीचं कपाळ धरलं."

कोंडाजीकाकांनी मेणाचा गोळा अजून मुठीत धरला होता. "मग ह्यावर इलाज काय?" त्यांनी विचारलं. "कायमचा?"

जान्हवीला थाप मारता आली असती. लोक ऐकायच्या तयारीत होते. तिने मारली नाही. "कायमचा असा नाही, काका. वेळेवर जेवण, झोप, दुखणं सुरू होताच योग्य गोळी, फार वेळा येत असेल तर रोजचं औषध. अटॅक कमी होतात, सौम्य होतात. पण एखादा दिवस तरीही वाया जाईल. तेव्हा घरच्यांनी तिला अंधार करून द्यायचा आणि तोंडं बंद ठेवायची."

पाठीमागून एक म्हातारा कुरकुरला, "म्हाराज तर एका दिसात काडत हुता."

खरं आहे, आजोबा. खोट्याचा दर नेहमीच स्वस्त असतो. एका दिवसात बरं करतो म्हणणारा आणि आयुष्यभर सांभाळावं लागेल म्हणणारी, यात गर्दी कुणाकडे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

पुढच्या परीक्षेला साधना भाकरी खाऊन गेली. कोंडाजीकाकांनी देवाला काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. परीक्षा चालू असतानाच तिचं डोकं उठलं. तिने गोळी घेतली, डोळे मिटून बाकावर थोडं थांबली आणि उरलेला झंपर पुरा केला. बाही जरा तिरकी बसली, म्हणाली. पास झाली. दिग्विजयचंही औषध सुरू आहे. मध्ये एकदा त्याचा डेमो चुकला, पण आता तो त्याबद्दल कुणाला मार मागत नाही.

आणि आता हे वाचणाऱ्या तुम्हाला माझं एकच हात जोडून सांगणं आहे. दुखायला लागलं की माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, हे कुणी केलं? तो गिळा. त्या प्रश्नाला उत्तर देणारे शेकडो शंभू गावोगाव घंगाळ घेऊन बसलेत, आणि त्यांचं उत्तर नेहमी एखाद्या गोजराबाईच्या दारात जाऊन थांबतं; एकट्या, विधवा, उलट न बोलणाऱ्या बाईच्या. त्याऐवजी विचारा, हे कसं झालं? या प्रश्नाचं उत्तर मिळायला उशीर लागतो, ते कधी अर्धवटच मिळतं, आणि ते मिळालं तरी डोकं दुखायचं राहत नाही. पण ते शोधताना कुणाचं कपाळ भाजावं लागत नाही.